अध्यक्ष रोज बारमध्ये का बसतात

समोरच्या 'हॉटेल द्राक्षवेल, परमिट रूम अँड फॅमिली रेस्टॉरंट'विरुद्धची लढाई दिवाकर गायधनींनी जिंकली, आणि त्या विजयाचा पहिला बळी ठरली त्यांचीच नात. सई तेव्हा आठ महिन्यांची होती. या लढाईबद्दल तिचं मत कोणी विचारलं नव्हतं.

लढाई न्याय्य होती, यात वाद नाही. ओझरच्या कारखान्यात विमानांच्या सांध्यांवर नजर ठेवण्यात हयात गेलेला माणूस. निवृत्तीनंतर ती नजर ठेवायची कुठे? सोसायटीनं त्यांना अध्यक्ष केलं आणि नजर पाण्याच्या टाकीवर, पार्किंगवर आणि शेवटी रस्त्यापलीकडच्या द्राक्षवेलवर स्थिरावली. तिथे भिंतीवर दरवाजाएवढा एक डिजिटल ज्यूकबॉक्स आला होता. गिऱ्हाइकानं त्याच्या पडद्यावर बोट टेकवून, नाहीतर आपल्या मोबाइलवरून, हवं ते गाणं निवडायचं आणि ते साऱ्या गंगापूर रोडनं ऐकायचं.

"काका, लोकशाही आहे," बारचा मालक भारत म्हणाला होता. "ज्याला जे पाहिजे ते तो लावतो."

"लोकशाहीत मत पाच वर्षांनी देतात," दिवाकरराव म्हणाले. "रोज रात्री नाही."

अर्ज झाले, चकरा झाल्या. एका कार्यालयानं सांगितलं, आवाज आमच्याकडे, पण बार नाही. दुसऱ्यानं सांगितलं, बार आमच्याकडे, पण आवाज नाही. शेवटी भारतच कंटाळला आणि तडजोडीला आला. रात्री यंत्र बंद. त्याऐवजी संध्याकाळी 'प्रत्येक ऑर्डरवर एक गाणं फुकट'. म्हणजे गोंगाट व्हायचा तो उजेडीच होऊन जाईल. कॉलेजची पोरं फुकट म्हटल्यावर धावत आली, आणि रात्री सोसायटी कित्येक महिन्यांनी शांत झोपली. अध्यक्षांना शाल-श्रीफळ मिळालं.

त्या संध्याकाळी सई झोपली नाही.

इथे थोडं थांबून सईच्या झोपेची व्यवस्था सांगायला हवी, कारण या घरात ती विमानाच्या उड्डाणाइतकी काटेकोर होती. दिवेलागण झाली की दिवाकरराव नातीला घेऊन गॅलरीत बसायचे. मांडीवर दुपटं, दुपट्यावर सई. मग ते डोळे मिटून आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं स्तोत्र म्हणायला लागायचे. त्यांचे थोरले बंधू पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करतात. यांनी नोकरी धरली, पण वाणी तीच. निम्मं स्तोत्र होईतो सईची मान कलंडायची. "संस्कार आहेत," दिवाकरराव हळूच म्हणायचे. बंधूंना फोन व्हायचा. बंधू ते यात्रेकरूंना सांगायचे.

"तिन्हीसांजेचं लेकरू झोपवतात का गं उत्तरे?" शेजारच्या शुभांगीकाकू कुरकुरायच्या. पण त्यांचा स्वतःचा मुलगा चार वर्षं कुठल्याच सांजेला झोपला नव्हता, त्यामुळे त्या फार ताणून धरत नसत.

दिवाकररावांच्या सुनेला, उत्तराला, या झोपेचं मोल वेगळं होतं. तिची रजा या महिन्याअखेर संपत होती. ती सातपूरच्या ऑफिसातून सुटून घरी पोहोचेपर्यंत अंधार पडणार. नवरा तनय पुण्याला, तो शनिवारी येणार. दिवसभर सई आजोबांची लाडकी होती, पण दिवेलागणीला ती वेगळीच बाई व्हायची. त्या घटकेला झोपली तर आजोबा एकटे निभावून नेतील. नाहीतर दोनच वाटा होत्या. उत्तरानं नोकरी सोडायची, किंवा सईला उत्तराच्या माहेरी सटाण्याला ठेवायचं आणि रविवारी भेटायला जायचं. दुसरी वाट तनयनं फोनवर नुसती बोलून दाखवली तेव्हा दिवाकरराव उठून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ कपाट आवरत राहिले. ते कपाट आधीपासून आवरलेलंच होतं.

तर विजयाच्या संध्याकाळी स्तोत्र संपलं आणि सई आजोबांच्या चष्म्याशी खेळत होती. दुसऱ्यांदा म्हटलं. सईनं चष्मा काढून घेतला. तिसऱ्यांदा जरा वरच्या पट्टीत म्हटलं, तेव्हा ती रडायला लागली आणि खालच्या मजल्यावरून कोणीतरी "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं.

चार दिवस हेच चाललं. दिवाकररावांना आधी आपल्या उच्चारांची शंका आली. कवळी नवी होती. बंधूंना फोन करून त्यांनी अख्खं स्तोत्र तपासून घेतलं. बंधू म्हणाले उच्चार निर्दोष आहेत, दृष्ट काढा. शुभांगीकाकूंनी दृष्ट काढली, मग जायफळ उगाळलं, मग पाळण्याचं तोंड उत्तरेकडून पूर्वेला फिरवलं, मग "दात येतायत" असा निकाल दिला. दात दिसला नाही, तेव्हा "येतील ना," म्हणाल्या.

पाचव्या दिवशी उत्तरा दुपटी वाळत घालायला गॅलरीत आली. सूर्य कलला होता. समोरून कुठल्याशा गाण्याचा धम्‌धम्‌ आवाज येत होता, पोरं टेबल बडवत होती. आणि तिच्या एकदम ध्यानात आलं की या वेळी समोरून वेगळंच काहीतरी यायचं. अगदी हलकं. बासरी म्हणावी तर बासरी नाही. शब्द नसलेलं, एखाद्या बाईनं भाजी निवडता निवडता मनाशीच म्हणावं तसं. रोज यायचं. दिवाबत्तीच्या सुमारास. स्तोत्राच्याच वेळी.

तिनं दुपटं दोरीवर तसंच अर्धवट टाकलं.

आता हे सासऱ्यांना सांगायचं कसं? संस्कारांनी नव्हे, बारमधल्या गाण्यानं नात झोपत होती, हे वाक्य कुठल्याही बाजूनं वळवलं तरी टोचतच होतं. तिनं चहात साखर जास्त घातली आणि सांगून टाकलं.

दिवाकरराव चहा ढवळत राहिले. "योगायोग," ते म्हणाले.

"असेल बाबा. पण एकदा ते गाणं लावून बघू या ना. कुठलं होतं तेवढं कळलं तर फोनवरच लावता येईल."

"मी त्या यंत्राची गाणी ऐकत नाही."

"असं काहीसं होतं," म्हणून उत्तरानं गुणगुणून दाखवलं.

"तसं नाही. दुसऱ्या ओळीला खाली येतं," दिवाकरराव म्हणाले आणि त्यांनी ती ओळ सुरेल म्हणून दाखवली. मग स्वतःच्याच तोंडातून काय निघालं ते लक्षात येऊन त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

तरीही बारमध्ये जायचं ठरायला आणखी एक रात्र जावी लागली. त्या रात्री सई जागी, उत्तरा जागी, आणि दिवाकरराव तक्रारीसाठी काढलेले पुराव्याचे व्हिडिओ बघत बसलेले, त्यात ते गाणं कुठे सापडतं का म्हणून. एका व्हिडिओत ते खरंच होतं. पण त्यावर दिवाकररावांचा स्वतःचा करडा आवाज होता, "ध्वनिप्रदूषणाचा हा आणखी एक नमुना पाहा," आणि त्या आवाजानं सई नुकती लागलेली पेंग झटकून उठून बसली. सकाळी ते म्हणाले, "फॅमिली रेस्टॉरंट असं पाटीवर लिहिलंय. आपण फॅमिली आहोत."

दिवाकररावांनी माकडटोपी घातली. थंडी होती हे खरं, पण नाकापर्यंत टोपी ओढण्याइतकी नव्हती. सईला घेऊन उत्तरा पुढे, आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं, जणू आपला या बायकामुलांशी काही संबंध नाही अशा बेतानं, अध्यक्ष मागे. दारात पाऊल ठेवताच भारत गल्ल्यावरून ओरडला, "या अध्यक्षसाहेब! आज काय नवी तक्रार?"

चारही टेबलं वळली. माकडटोपीचा उपयोग संपला.

उत्तरानं घाईघाईनं सगळं सांगितलं. बोलता बोलता सटाण्याचा विषय निघाला आणि भारत एकदम खुलला, तोही तिकडचाच. "सटाणानी शे का तू? मंग आधी सांगायचं ना ताई, माहेरची माणसं!" त्यानं त्यांना पडद्यामागच्या फॅमिली रूममध्ये बसवलं, पंखा बंद केला, सईसाठी उशी मागवली. गाणं मात्र त्याला ठाऊक नव्हतं. "त्या टायमाला मी भाजी बाजारात असायचो. लावत असंल कुणीतरी. शोधा तुम्ही, हजारो गाणी हायेत त्याच्यात. फक्त काका, नियम सगळ्यांना सारखा. एका ऑर्डरवर एक गाणं. पोरं बघतायत."

"एक लिंबू सोडा," दिवाकरराव म्हणाले.

ज्यूकबॉक्सचा पडदा फॅमिली रूमच्या पडद्याशेजारीच होता. उत्तरानं कुतूहलानं बोट लावलं. आत केवढं जग होतं! नव्यांची गाणी, जुन्यांची गाणी, पावसाची, दारूची, विसरलेल्या मुलींची. तिनं 'अंगाई' असा शोध घेतला आणि एक गाणं निवडलं. पडद्यावर आलं, 'धन्यवाद. तुमचे गाणे रांगेत आहे.' रांग बरीच होती. पोरांनी भरपूर ऑर्डर दिल्या होत्या.

गाणं लागलं, ते नव्हतं. दुसरा सोडा. बासरीचं काहीतरी निवडलं. तेही नव्हतं. तिसऱ्या सोड्यावर उत्तराला पडद्याच्या कोपऱ्यात माइकचं चित्र दिसलं. 'गाणे गुणगुणा, आम्ही शोधू.'

"बाबा, तुम्हाला नीट येतं."

अध्यक्षांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, टोपी वर केली आणि यंत्राकडे तोंड करून गुणगुणले. कारखान्यात त्यांनी याहून अवघड यंत्रं हाताळली होती, पण कुठल्याही यंत्रासमोर गायले नव्हते. यंत्रानं क्षणभर विचार केला आणि लग्नातल्या बँडचं गाणं, एक आरती आणि प्रेमभंगाच्या दुःखाचं एक भोजपुरी गाणं असे तीन पर्याय दिले. दिवाकरराव दुखावले. "माझा सूर बरोबर होता," ते उत्तराला म्हणाले. "होता बाबा," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

चौथा सोडा आला तेव्हा दिवाकररावांना दोन वेळा आत जाऊन यावं लागलं होतं. सई उशीवर बसून चमचा आपटत होती. बाहेरच्या टेबलांवर मात्र कुजबुज वाढली होती. पोरांच्या गाण्यांमध्ये मधेच अंगाई, मधेच बासरी, मधेच आरती येत होती. शेवटी फॅमिली रूमचा पडदा सरकला आणि कुरळ्या केसांची एक मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या ग्रुपमध्ये तिला दिशा म्हणत होते.

"एक्स्क्यूज मी, ही झोपेची गाणी कोण लावतंय? आमच्या ओमचा बर्थडे आहे!"

"आम्ही," दिवाकरराव उभे राहिले. "रीतसर ऑर्डर देऊन."

"आजोबा, बारमध्ये आरती?"

"यंत्रानं दिली. मी मागितली नव्हती."

"मग घरी लावा ना!"

"घरी? घरात बसून आम्ही तुमची गाणी कित्येक महिने ऐकली, तेव्हा आम्ही आलो होतो का विचारायला की घरी का नाही लावत?"

"म्हणजे तक्रारवाले आजोबा तुम्हीच!" दिशाचा आवाज चढला. ओम नावाचा बर्थडेवाला उठला, त्याच्या मागे सगळं टेबल उठलं. वेटर ट्रेसकट थांबले. भारत गल्ला सोडून "अरे, माहेरची माणसं आहेत, जपून," म्हणत मधे आला. दिवाकररावांनी सार्वजनिक जागेतला संयम या विषयावर बोलायला सुरुवात केली, आणि ज्यांनी त्यांचं सोसायटीच्या वार्षिक सभेतलं भाषण ऐकलंय त्यांना माहीत आहे की ते लवकर संपत नाही. अख्खा बार गोळा झाला. कोणी व्हिडिओ काढत होतं, कोणी अध्यक्षांची बाजू घेत होतं, कोणी नुसतंच "बरोबर आहे" म्हणत होतं, कुठल्या बाजूनं ते न सांगता.

या गडबडीत रांगेतलं शेवटचं गाणं कधी संपलं, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. नवं गाणं निवडायला कोणाचं बोट मोकळं नव्हतं.

उत्तराच्या मात्र ध्यानात आलं, कारण गडबडीत उचलून घेतलेल्या सईचा तिच्या खांद्यावर आपटणारा चमचा थांबला. मग सईचं डोकं तिच्या मानेवर जड झालं. मग तो कोमट श्वास, ज्याची ती सहा दिवस वाट बघत होती.

तिनं मान न हलवता फक्त डोळे वळवले. यंत्र स्वतःशीच गुणगुणत होतं. तेच. दुसऱ्या ओळीला खाली येणारं. आणि पडद्यावर गाण्याचं नाव नव्हतं, गायकाचं नव्हतं. नुसतं एवढंच उघडझाप करत होतं, 'तुमचे आवडते गाणे निवडा.'

"थांबा," ती कुजबुजली. पण आईचं कुजबुजणं असं असतं की ते भाषणाच्याही वर ऐकू जातं. सगळे थांबले. सगळ्यांनी आधी सईकडे पाहिलं, मग यंत्राकडे.

"हे कुणी लावलं?" भारतनं विचारलं.

कोणीच नाही.

"नाव तरी बघू," म्हणून दिशानं पडद्याला बोट लावलं. गुणगुण बंद. सईनं डोळे उघडले आणि ओठ काढला. "सॉरी, सॉरी!" दिशानं हात असा मागे घेतला जणू शेगडीला लागला. सगळे श्वास धरून उभे राहिले. ओमनं स्वतःचा केक कापायचा थांबवला. जरा वेळानं यंत्राला खात्री पटली असावी की आता आपल्याला कोणी काही सांगणार नाही, आणि ते पुन्हा आपलं आपण गायला लागलं. सईचे डोळे मिटले.

"म्हणजे कुणी काहीच निवडलं नाही की हे वाजतं," उत्तरा म्हणाली. "पूर्वी या वेळी बार रिकामा असायचा."

कोणाच्या तक्रारीनं तो भरला, हे ती बोलली नाही. गरज नव्हती. दिवाकरराव खुर्चीत बसले होते आणि माकडटोपीची घडी घालत होते.

आता प्रश्न सुटला असं कोणाला वाटेल. उत्तरालाही वाटलं. तिनं तिथेच ते मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं आणि दुसऱ्या संध्याकाळी घरी लावलं. सईनं एक क्षण ऐकलं आणि मग तिला फोन हवा झाला. फोन उशीखाली लपवला, तर तिला उशी हवी झाली. गाणं रस्ता ओलांडून, वाळत्या दुपट्यांमधून, आजोबांच्या मांडीवर यायला हवं होतं. नकली माल ती ओळखत होती.

दिवाकरराव भारतकडे गेले. फुकट गाण्यांची योजना दिवेलागणीपुरती बंद ठेव म्हणाले. "काका, तुमच्यामुळंच तर चालू केली," भारत म्हणाला. "तक्रार मागं घ्या, मी पयल्यासारखं रात्रीचं करतो." ते सोसायटीत आले. शुभांगीकाकूंनी सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, "सईवर आमचा जीव आहे हो, पण रात्री परत तो धिंगाणा? शाल परत घेऊ हं तुमची." भारतला विचारलं, तर यंत्राच्या आतलं काही बदलायला कंपनीचा माणूस यावा लागतो, आणि कंपनीच्या फोनवर एक बाई गोड आवाजात आवडतं गाणं निवडायला सांगते.

रजा संपायला दोन दिवस उरले. सटाण्याला न्यायची पिशवी उत्तरानं भरायला काढली आणि त्यात एकच झबलं घालून ती तशीच बसून राहिली.

दिवाकररावांनी ती पिशवी पाहिली. संध्याकाळ होताच त्यांनी टोपी न घालता, चांगला इस्त्रीचा शर्ट घालून, सईला शुभांगीकाकूंच्या मांडीवर गॅलरीत दिलं आणि उघड्या डोक्यानं, सगळ्या सोसायटीच्या देखत, रस्त्याच्या मधोमधून द्राक्षवेलमध्ये गेले. ज्यूकबॉक्ससमोर खुर्ची ओढली. त्याच्याकडे पाठ करून बसले.

"एक लिंबू सोडा," ते म्हणाले. "आणि गाणं नको."

मग पोरांकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदाच भाषणाचा विचार सोडून, त्यांनी एवढंच सांगितलं, "माझी नात झोपेपर्यंत कोणी काही लावू नका. मी विनंती करतोय."

"तोवर आम्ही काय करायचं आजोबा?" ओमनं विचारलं.

"बोला की एकमेकांशी."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. अवघड होतं, पण त्यांनी प्रयत्न केला.

महिन्याच्या पहिल्या तारखेला उत्तरा ऑफिसातून निघाली. दुपारपासून तिनं घरी फोन केला नव्हता. केला असता तर परत फिरली असती. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिनं रिक्षावाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. तो बुचकळ्यात पडला. पण ऐकू आलं. रस्ताभर, हलकं, दुसऱ्या ओळीला खाली येणारं. वर गॅलरीत शुभांगीकाकूंनी तोंडावर बोट ठेवलं आणि मांडीवरचं गाठोडं दाखवलं. मग समोरच्या बारकडे खूण केली. 'तुझे सासरे अजून आले नाहीत.'

उत्तरा रस्ता ओलांडून गेली. बार भरलेला होता आणि विलक्षण शांत होता. पोरं डोकी जवळ घेऊन हळू आवाजात बोलत होती. ज्यूकबॉक्ससमोर खुर्चीत दिवाकरराव होते. चष्मा नाकावर उतरलेला, मान कलंडलेली, समोर सोड्यातले बुडबुडे कधीच विरलेले.

ती हाक मारणार तोच दिशानं तिचा हात धरला.

"ताई, हळू ना," ती कुजबुजली. "आजोबांचा आत्ताच डोळा लागलाय. काहीतरी संस्कृतमध्ये म्हणत होते, निम्म्यात आले आणि पेंगले."

"आणि तुमची गाणी?"

"लावू की. उठू दे त्यांना."

उत्तरानं पर्स खाली ठेवली आणि समोरची खुर्ची आवाज न करता ओढून घेतली. सासऱ्यांच्या मागे पडदा अजून उघडझाप करत होता. तुमचे आवडते गाणे निवडा. तुमचे आवडते गाणे निवडा. एवढा भरलेला बार, आणि कोणीच काही निवडत नव्हतं.